चॉकलेट-संत्र्याचा केक: रस कमी, साल जास्त

गेल्या थंडीत माझ्याकडे पुण्यात कर्वेनगरला केक शिकायला येणाऱ्या एका काकूंनी घरी केलेल्या केकचा तुकडा स्टीलच्या डब्यातून आणला. वरून बघितला तर छान फुगलेला, रंगही गडद. सुरीने उभा कापला तेव्हा तळाशी अर्ध्या इंचाचा थर खरवसासारखा दिसला, गिच्च आणि ओला. तोंडात घातल्यावर कोको लागला, संत्रे लागले नाही, आणि घशाशी कडवटपणा मात्र बराच वेळ राहिला. वास यावा म्हणून त्यांनी चार संत्र्यांचा रस घातला होता, आणि वर मोठ्या किसणीने किसलेली साल.

हा केक बिघडतो तो बहुतेक याच तीन ठिकाणी: रस जास्त होतो, सालीबरोबर पांढरा भाग येतो, आणि मिश्रण तयार झाल्यावर ते ओव्हनची वाट बघत बसते. म्हणून खाली सगळे कामाच्या क्रमाने लिहिले आहे. पहिल्यांदा करताना क्रम बदलू नका.

साहित्य (८ इंची गोल टिन, ८ ते १० तुकडे)

- मैदा १५० ग्रॅम
- साखर नसलेली कोको पावडर ४० ग्रॅम
- बारीक साखर १८० ग्रॅम
- बेकिंग पावडर १ सपाट टीस्पून
- खायचा सोडा अर्धा सपाट टीस्पून
- मीठ पाव टीस्पून
- अंडी २
- ताजे, आंबट नसलेले दही १०० ग्रॅम
- वास नसलेले तेल ९० मिली (सूर्यफुलाचे चालेल, शेंगदाण्याचे नको)
- संत्र्याचा गाळलेला रस १०० मिली
- उकळते पाणी ६० मिली
- दोन मोठ्या किंवा तीन लहान संत्र्यांची साल

केक उतरल्यावर लावायच्या पाकासाठी आणखी ४० मिली रस आणि २० ग्रॅम साखर.

१. आदल्या दिवशीची तपासणी

वजनकाटा वापरा. माझ्या घरच्या वाटीत १४० मिली पाणी मावते, शेजारच्या वाटीत १८०. दोघींनी 'एक वाटी मैदा' म्हटले तरी केक दोन निराळे होणार. मैदा दाबून भरला की तेवढ्याच मापात वीस-तीस ग्रॅम सहज वाढतो आणि केक कोरडा पडतो. साधा डिजिटल काटा एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो. टीस्पून म्हणजे ५ मिलीचे माप. पोह्याचा चमचा त्याहून मोठा निघू शकतो, आणि सोड्याच्या बाबतीत तेवढा फरकही महागात पडतो.

बेकिंग पावडर जिवंत आहे का ते बघा. अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा चमचा टाका. लगेच जोरात फसफसली तर चांगली. सोडा लिंबाच्या रसात टाकून बघा. पावसाळ्यात उघडलेला डबा दिवाळीला काढला की त्यात हमखास गुठळ्या असतात. तसली पावडर चाळून वापरू नका, टाकून द्या.

कोकोचे पाकीट मागून वाचा. घटकांत साखर दिसली तर ते ड्रिंकिंग चॉकलेट आहे, कोको नाही. ते घातले तर केक गोडमिट्ट होतो आणि रंग फिका येतो. कोको साधा असो की काळपट डच प्रकारचा, या केकला दोन्ही चालतात. सोड्याला लागणारा आंबटपणा इथे दही आणि रस देतात.

ओव्हन खरा किती तापतो, हेही आदल्या दिवशीच कळायला हवे. माझ्या ओटीजीचा (विजेच्या छोट्या ओव्हनचा) काटा १८० वर ठेवला की आत ठेवलेला थर्मामीटर २०५ दाखवतो. हे कळेपर्यंत माझे केक वरून फुटायचे आणि मी उगाच मैद्याला दोष देत होते. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर फार महाग नसतो. तो रिकाम्या ओव्हनमध्ये ठेवा, काटा १७० वर लावा आणि वीस मिनिटांनी वाचा. जेवढा फरक येईल तेवढा काटा पुढेमागे करायचा आणि तो आकडा ओव्हनवर चिकटवून ठेवायचा.

> तपासा: उद्या गुरुवार आहे का? पुण्यात बऱ्याच भागांत देखभालीसाठी गुरुवारीच लाईट घालवतात. विजेच्या ओव्हनमध्ये केक करायचा असेल तर दुसरा वार धरा.

उंचावरच्या गावांसाठी सोडा कमी करा, पाणी वाढवा असे सल्ले वाचून काही जण मापे बदलतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. एवढ्या उंचीला काहीही बदलावे लागत नाही.

२. संत्री निवडणे आणि साल काढणे

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. लहानपणी संत्र्याची साल दुमडून एकमेकांच्या डोळ्यांत पिचकारी उडवायचो ते आठवते? डोळ्यांना झोंबायचे ते सालीतले तेल. संत्र्याचा वास म्हणून आपण ओळखतो तो जवळजवळ सगळा त्या तेलात असतो. रसात पाणी, साखर आणि आंबटपणा. भट्टीच्या उष्णतेत आणि कोकोच्या कडक चवीपुढे त्याचा टिकाव लागत नाही. वास वाढवायला रस वाढवला की वाढते फक्त पाणी, आणि ते तळाशी बसते. काकूंच्या केकमधला खरवस तोच.

नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतो. तेव्हा मंडईत किंवा मार्केट यार्डात चांगला माल मिळतो. खायला हे संत्रे उत्तम, पण त्याची साल सैल असते. किसणीवर धरले की साल आत दबते, फळ पिचकते आणि हात घसरतो. त्याच्या आगेमागे येणाऱ्या किन्नूची साल गराला घट्ट चिकटलेली असते, म्हणून किसायला तो सोपा. पहिल्यांदा करताना साल किन्नूची आणि रस नागपुरी संत्र्याचा घेतलात तर दोन्ही कामे सुखाची होतात. मोसंबी चालते, पण वास वेगळा येतो आणि केकला संत्र्याचा केक म्हणवत नाही.

नागपुरीच वापरायचे असेल तर फळ तासभर फ्रिजमध्ये ठेवा. गार साल थोडी ताठ होते. मोसम नसताना मिळणाऱ्या बाहेरच्या चकचकीत संत्र्यांवर बहुधा मेणाचा थर असतो. कोमट पाण्यात धरून भाजीच्या ब्रशने घासा आणि पूर्ण कोरडी करा. ओली साल किसणीत चिकटून बसते.

किसणी बारीक हवी. खास झेस्टर नसेल तर जायफळाची किसणी घ्या. खोबऱ्याची नको. फळ न सोलता, अख्खेच किसायचे. एका जागी किसणी हलक्या हाताने एकदा, फार तर दोनदा फिरवायची आणि फळ वळवायचे. नारिंगी रंग जाऊन फिकट पिवळट दिसले की ती जागा संपली. त्याखालचा पांढरा भाग कडू असतो आणि भाजल्यावर त्याचा कडूपणा जात नाही. फळावर थोडा नारिंगी रंग राहिला तरी बिघडत नाही, पण ताटलीत पांढरे दिसता कामा नये. दोन मोठ्या फळांची साल सैल मोजली तर दीड ते दोन टेबलस्पून भरते.

साल सोलून झाली असेल तर तिची पाठ खाली करून पाटावर ठेवा, धारदार सुरी आडवी धरून पांढरा भाग तासून काढा आणि उरलेली पातळ नारिंगी साल अगदी बारीक चिरा. वेळ लागतो, पण काम होते.

> सावधान: रस मिक्सरमध्ये काढू नका. बिया आणि आतली पांढरी सालपटे भरडली जातात आणि रस कडवट होतो. किन्नूचा आणि संत्र्याचा रस नुसता ठेवल्यानेही हळूहळू कडू पडतो. हाताने पिळा, गाळा आणि त्याच तासात वापरा. म्हणून या टप्प्यात सालच काढायची. रस मिश्रण करायच्या आधी दहा मिनिटे.

३. मांडामांड

अंडी आणि दही दोन्ही गार नकोत. मे महिन्यात ओट्यावर वीस मिनिटे पुरतात. डिसेंबरात पुण्याची सकाळ १०-१२ अंशांची असते, तेव्हा तास झाला तरी अंडी गारच राहतात. ती कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवा. गार दह्यात कोमट कोको पडला की मिश्रण फुटल्यासारखे दिसते आणि मग हात घाईत जास्त फेटू लागतो.

टिनला आतून तेलाचा हात लावा. तळाला बटर पेपरची गोल चकती ठेवा. कडेला मैद्याऐवजी चमचाभर कोको भुरभुरवा, म्हणजे काळ्या केकवर पांढरे डाग उठत नाहीत. टिन निदान दोन इंच उंच हवा. तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानांत साधा अॅल्युमिनियमचा मिळतो, तोच घ्या. काळ्या नॉनस्टिक टिनमध्ये कडा लवकर करपतात. त्यातच करायचा असेल तर उष्णता दहा अंशांनी कमी ठेवा.

मैदा, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळा. सोडा चमच्याने कालवून सगळीकडे सारखा पसरत नाही. तसाच राहिला तर केकमध्ये मध्येच साबणासारखी चव लागते.

आता ओव्हन लावा. दोन्ही रॉड चालू, १७० अंश, निदान पंधरा मिनिटे. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला, असे धरू नका. आतली हवा तापली तरी भिंती आणि जाळी अजून गार असतात.

> तपासा: पुढच्या टप्प्याला हात घालण्यापूर्वी ओट्यावर तयार टिन, चाळलेला मैदा, पिळलेला रस, फेटलेले दही आणि मोजलेले तेल असे सगळे मांडलेले दिसले पाहिजे. यातले एकही राहिले असेल तर आधी ते करा.

४. साल साखरेत चोळणे, कोको भिजवणे

साखर मोठ्या परातीत घ्या, त्यावर साल पसरा आणि बोटांच्या टोकांनी दोन-तीन मिनिटे चोळत राहा, बेसनाला मोहन चोळतो तसे. साखरेचे कण सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्या फोडतात आणि तेल साखरेत उतरते. साखर ओलसर वाळूसारखी होते, रंग फिकट केशरी येतो. वास बाहेरच्या खोलीपर्यंत गेला की थांबा. ही पायरी गाळून साल नुसती मिश्रणात ढवळली तर तेवढ्याच सालीचा वास निम्माही लागत नाही. मी दोन केक शेजारी ठेवून हे वर्गात दाखवते, आणि कुठला कुठला ते सगळ्यांना न सांगता कळते.

कोको वेगळ्या वाटीत घेऊन त्यावर ६० मिली उकळते पाणी ओता आणि गुठळ्या मोडून सारखा लगदा करा. भिजलेल्या कोकोची चव खुलते आणि केकमध्ये कोरड्या पुरचुंड्या राहत नाहीत. हा लगदा कोमट होऊ द्या. बोट घालून सुखाने ठेवता आले पाहिजे. गरम लगदा अंड्यात गेला तर अंडी शिजून दोरे होतात.

५. ओले मिश्रण

चोळलेली साखर मोठ्या भांड्यात काढा, अंडी फोडून घाला आणि व्हिस्कने किंवा बीटरने मिश्रण फिकट आणि थोडे दाट होईपर्यंत फेटा. हाताने चार-पाच मिनिटे लागतात, बीटरने दोन. फेटायचे ते इथेच, मैदा पडायच्या आधी.

मग तेल बारीक धारेने, ढवळत ढवळत. मग दही. मग कोकोचा लगदा. प्रत्येक वेळी आधीचे मिसळले की पुढचे. रस अजून घालायचा नाही.

६. मैदा आणि रस

इथून पुढे घड्याळ सुरू झाले असे समजा. सोडा दह्याला आणि रसाला भेटला की लगेच बुडबुडे सोडू लागतो, आणि केक फुगवणारे बुडबुडे तेच. मिश्रण ओट्यावर पंधरा मिनिटे राहिले तर ते तिथेच उडून जातात.

मैदा तीन भागांत, रस दोन भागांत. सुरुवात मैद्याने, शेवट मैद्याने. व्हिस्क बाजूला ठेवून सिलिकॉनचा उलथणा घ्या. भांड्याच्या कडेने खाली न्यायचा, तळातून वर आणायचा, भांडे थोडे फिरवायचे. पांढरी रेघ दिसेनाशी झाली की हात थांबवा. दोन-चार बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, भाजताना त्या विरतात. गुठळ्या मोडायला म्हणून घातलेला वीसेक हातांचा फेरा मात्र मैद्याला चिवट करतो, आणि कापल्यावर केकमध्ये उभी लांबट भोके दिसतात.

मिश्रण धिरड्याच्या पिठापेक्षा दाट आणि भज्यांच्या पिठापेक्षा पातळ हवे. उलथणा उचलला की पट्टीसारखे सांडावे आणि वरचा माग दोन-तीन सेकंदांत मिटावा. फार दाट वाटले तर चमचाभर कोमट पाणी घाला. 'थोडा रस उरलाय, तोही जाऊ दे' असे करू नका. उरलेल्या रसाचे काम पुढे आहे.

टिनमध्ये ओता, टिन ओट्यावर दोनदा हलकेच आपटा आणि लगेच ओव्हनमध्ये ठेवा. टिन निम्म्याच्या आसपास भरलेला असेल, तेवढाच बरोबर.

अंडे न खाणाऱ्यांसाठी: अंडी वगळा, दही १०० ऐवजी १८० ग्रॅम घ्या आणि दोन टेबलस्पून पाणी वाढवा. साखर दह्यातच विरघळवा. हा केक थोडा कमी फुगतो आणि जास्त मऊ असतो, त्यामुळे गरम असताना कापला तर हमखास तुटतो. दह्याच्या जागी दूध घेऊ नका. दुधात संत्र्याचा रस पडला की ते फाटते.

७. भाजणे

ओटीजीत टिन मधल्या जाळीवर ठेवा, लहान ओव्हन असेल तर खालच्या. टिन आत गेल्यावर वरचा रॉड बंद करून खालचाच चालू ठेवा, निदान पहिली तीस मिनिटे. वरचा रॉड जवळ असला की माथ्यावर पापुद्रा लवकर धरतो, आतले मिश्रण नंतर फुगते आणि ती पापडी फोडून वर येते. वर पडलेली मोठी भेग बहुतेक वेळा याचीच. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतो, तिथे १६० अंश पुरतात. पण मोड 'कन्व्हेक्शन'चाच आहे ना ते बघून घ्या.

वेळ ३८ ते ४५ मिनिटे. पहिली २५ मिनिटे दार उघडायचे नाही. या वेळात केक नुसता बुडबुड्यांवर उभा असतो. गार हवा आत गेली की मधोमध खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही.

*ओव्हन नसेल तर:* जाड बुडाच्या कढईत इंचभर जाड मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरा, वर छोटे स्टँड ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. टिन ठेवा, आच अगदी बारीक करा, ५० ते ६० मिनिटे. कुकरमध्ये करायचा तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचे आणि पाणी घालायचे नाही. नॉनस्टिक कढई यासाठी वापरू नका, कोरडी तापवल्याने थर खराब होतो. तळ करपला तर पुढच्या वेळी मिठाचा थर वाढवा. आच कमी करायला बहुतेक जागाच उरलेली नसते.

लाईट मध्येच गेली तर दार उघडू नका. तीस मिनिटे होऊन गेली असतील तर आतल्या उष्णतेवर आणखी दहा मिनिटे ठेवा, तेवढ्यात कढई तापवा आणि उरलेला केक तिथे पुरा करा. पहिल्या पंधरा मिनिटांत गेली तर तो केक फारसा वाचत नाही.

८. झाला का?

साधा केक सोनेरी झाला की कळतो. हा पहिल्यापासूनच काळा, म्हणून डोळ्यांवर विसंबता येत नाही. पस्तिसाव्या मिनिटाला पहिल्यांदा बघा, आणि तिन्ही खुणा जुळल्या तरच बाहेर काढा:

- टूथपिक मधोमध घातली की ओले मिश्रण लागून येऊ नये. दोन-चार ओलसर कण चिकटले तर चालतात, उलट तेच हवेत. काडी खडखडीत कोरडी आली तर केक थोडा जास्त झाला.
- माथा बोटाने हलके दाबला की खळगा राहू नये, परत वर यावा.
- कडा टिनपासून केसभर सुटलेल्या दिसाव्यात.

खमंग वास ओव्हनबाहेर पसरला म्हणजे केक शिजला असे नसते. वास पाच-सात मिनिटे आधीच येतो, आणि त्या भरात काढलेला केक गार होताना मध्ये बसतो.

९. उतरवणे आणि पाक

बाहेर काढलेला टिन जाळीवर दहा मिनिटे तसाच ठेवा. लगेच उपडा केला तर फाटतो. अर्धा तास टिनमध्येच राहिला तर वाफेने तळ ओला होतो. दहा मिनिटांनी कडेने सुरी फिरवा, उपडा करा, कागद सोडवा आणि परत सरळ करून जाळीवर ठेवा.

त्या दहा मिनिटांत ४० मिली रस आणि २० ग्रॅम साखर उकळून दोन मिनिटे ठेवा. जिलबीसारखी तार येऊ द्यायची नाही. केक अजून कोमट असताना टूथपिकने वर वीस-पंचवीस भोके पाडा आणि पाक ब्रशने किंवा चमच्याने थोडा थोडा लावा. भाजून झाल्यावर लावलेल्या या रसाचा ताजा आंबटपणा केकमध्ये तसाच टिकतो. रस वाया गेल्यासारखा ज्यांना वाटत होता त्यांचा तो इथे कामी येतो.

> सावधान: पाक वाढवू नका. ४० मिलीच्या वर गेलात की माथा चिखलासारखा होतो आणि गनाश (वर ओतायचे चॉकलेट-क्रीमचे मिश्रण) घसरते.

१०. गनाश, हवी असल्यास

माझ्या मते पाक लावलेला केक नुसताच चांगला लागतो. वाढदिवसासाठी वर काही हवे असेल तर १०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि पाकिटातली २५ टक्के स्निग्धांशाची फ्रेश क्रीम ८० मिली. चॉकलेटच्या पाकिटावर कोको बटर लिहिलेले असावे. वनस्पती तेलाचे कंपाउंड लवकर घट्ट होते, पण जिभेवर मेणासारखे राहते.

क्रीममध्ये अर्ध्या संत्र्याची साल घाला, कडेला बुडबुडे दिसेपर्यंत तापवा (उकळू नका), दहा मिनिटे झाका, गाळा, पुन्हा गरम करून चिरलेल्या चॉकलेटवर ओता. दोन मिनिटांनी मधून बाहेर असे हळू ढवळा.

वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर रस घालायचा मोह होतो. तेवढ्या थोड्या पाण्याने चॉकलेट एकदम आवळते आणि वाळूसारखे होते. झालेच तसे तर टाकून देऊ नका. गरम क्रीम चमचा-चमचा घालत ढवळा, बहुतेक वेळा परत जुळते.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय गनाश ओतायची नाही. निदान दीड तास. मे महिन्यात दोन.

बिघडलाच तर कारण कुठे शोधायचे

तळाला गिच्च थर असेल तर रस जास्त झाला, किंवा मैदा नीट मिसळला नाही आणि ओले खाली बसले. दोन्ही नसेल तर ओव्हन खालून तापलाच नव्हता. मध्ये खळगा पडला असेल तर दार लवकर उघडले, लवकर काढला, किंवा सोडा जास्त झाला. तिसऱ्याची खूण अशी की केक आधी भराभर वर येतो, मग बसतो, आणि चवीला साबणासारखा लागतो.

कडूपणाचे कारण ओळखायला साल शोधा. तुकड्यात पांढरट कण दिसले तर किसताना हात खोल गेला. कण नसतील आणि कडूपणा सगळीकडे सारखा असेल तर रस आधी काढून ठेवलेला होता. कडू फक्त कडा असतील तर त्या करपल्या आहेत. एवढ्या पातळ कापून टाका, आतला केक चांगला असतो.

कोरडा, भुसभुशीत झाला तर मैदा दाबून मोजला गेला किंवा भाजणे पाच मिनिटे जास्त झाले. असा केक पाकाने बराच सुधारतो. तेव्हा ४० ऐवजी ६० मिली लावला तर चालेल.

ठेवणे आणि कापणे

केला त्या दिवशी कोको पुढे असतो. रात्रभर झाकून ठेवला की सालीचे तेल केकभर मुरते आणि दुसऱ्या दिवशी संत्रे स्पष्ट लागते, म्हणून पाहुणे रविवारी असतील तर केक शनिवारी करा. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट डब्यात घाला. कोमट घातला तर झाकणाला पाणी सुटते आणि ते माथ्यावर टपकते.

थंडीत बाहेर दोन दिवस, उन्हाळ्यात एकच. नंतर फ्रिजमध्ये चार दिवस. गनाश लावलेला असेल तर मात्र पहिल्या रात्रीपासून फ्रिजमध्येच. तिथून काढल्यावर खायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. गार केकला वास लागत नाही. कापताना लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, एकदाच खाली दाबा, आणि प्रत्येक तुकड्यानंतर परत पुसा.